वजा ओलावा

सिव्हिल लाइन्समधल्या माझ्या ऑफिसात
एक अख्खी भिंत कोळशाची होती.
एकोणीस वर्षं. एक्केचाळीस बॉक्स फाइली.
क्लार्क डोमाजी त्यांना ‘काळी म्हैस’ म्हणायचा:
चारा खाते, दूध देते, जागची हलत नाही.

वाद एवढाच, की माझ्या अशिलानं
कोळशाच्या बिलातून शंभरला दोन कापले.
कारण : ओलावा.
समोरची कंपनी म्हणाली, कोळसा कोरडा होता.
मग लवाद, मग कलम चौतीस, मग सदतीस,
मग दिल्ली, मग पुन्हा नागपूर, नव्यानं.

खोटं कशाला बोलू,
धरमपेठेतला माझा तिसरा मजला
या दोन टक्क्यांवर उभा आहे.
लेकीची फी, बायपास झाली ती आईची,
आणि पहिला काळा कोट विटल्यावर शिवलेला दुसरा,
तिसरा, चौथा.

साक्ष झाली रामदासपेठेतल्या हॉटेलात,
एसी हॉलमध्ये, बिस्किटांच्या बशीशेजारी.
त्यांचा साक्षीदार हेमराज उके,
वजनकाट्यावरचा माणूस, शिक्षण नववी.
तीन दिवस मी त्याला सोडलं नाही.
काटा शेवटचा कधी तपासला?
चष्मा कधी लागला?
रात्रपाळीत दिवा किती वॅटचा होता?
तिसऱ्या दिवशी दुपारी तो पाणी प्यायला,
ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला,
‘मे महिना होता, बाई.
चिमणीले प्याले पानी नोहतं,
कोळशाले कुठून येईन?’

लवाद हसले. स्टेनो हसली.
मी म्हटलं, उत्तर प्रश्नाला धरून नाही,
नोंदीतून वगळावं.
वगळलं गेलं.
त्या रात्री मी सगळ्यांना सावजी खाऊ घातलं,
आणि तिखटानं डोळ्यांत पाणी आलं तेव्हा
ज्युनिअर निलोफर म्हणाली, मॅडम, आज तुम्ही कमाल केली.
नंतर ऐकलं, त्याला कामावरून काढला.
ऐकलं, एवढंच. तपासलं नाही.
ते माझ्या ब्रीफमध्ये नव्हतं.

आणि गेल्या महिन्यात दोन ओळींचा ईमेल.
दोन्ही कंपन्या तिसऱ्याच कोणीतरी विकत घेतल्या होत्या.
वादी आणि प्रतिवादी एकाच लेटरहेडवर,
खाली एकच सही.
खटला मागे घ्यावा. प्रती नष्ट कराव्यात.
कोर्टात चाळीस सेकंद लागले.
बाहेर कॉरिडॉरमध्ये तनखीवाले भेटले,
एकोणीस वर्षांचे माझे ‘विद्वान मित्र’.
दोघांनी मिळून एक कटिंग चहा संपवला.
बोलायला काही सापडेना.
‘चांगला खटला होता,’ ते म्हणाले,
जसं एखाद्याच्या तेराव्याला म्हणतात.

श्रेडर दोन फाइलींत जळाला.
मग डोमाजीनं टेकचंदला बोलावलं, रद्दीवाल्याला.
सह्यांची पानं आम्ही हातानं फाडली,
बाकीचे गठ्ठे त्यानं काट्याच्या आकड्याला लावले
आणि भिंतीवर खडूनं बेरीज मांडली :
शंभर किलो.
मग खाली : वजा दोन.
‘ओल हाय कागदात, मॅडम.’

माझं तोंड उघडलं.
कशावरून? कुणी मोजली? कोणत्या उपकरणानं?
काटा शेवटचा कधी तपासला?
सगळे प्रश्न रांगेत उभे होते, कोट घालून.
आणि बाहेर पडलं ते दुसऱ्याच कुणाचं :
‘मे महिना हाय, बावा.
ओल कुठून येईन?’

टेकचंदनं कुलरकडे बोट दाखवलं.
वाळ्याच्या ताट्या गळत होत्या.
वारा सरळ त्या भिंतीवर जात होता,
एकोणीस उन्हाळे.

डोमाजीनं अठ्ठ्याण्णव किलोचे पैसे मोजून घेतले.
वरचे चौदा रुपये सुटे नव्हते.
‘पुढच्या बारीले देतो,’ टेकचंद म्हणाला.
मी मान डोलावली.
पुढच्या तारखेला माझी कधीच हरकत नसते.